योलो आणि मुदत ठेव

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'गोकुळ'. त्यात 43 माणसं आहेत. त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत, पण रोज सकाळी न चुकता एकमेकांना सुप्रभात घालतात. मागच्या डिसेंबरात एका शुक्रवारी रात्री पावणेअकराला या गोकुळात माझ्या पुतणीचा फोटो येऊन पडला. पाठीला सॅक, मागे कात्रज चौकातली गर्दी, एका खासगी स्लीपर बसचं उघडं दार आणि फोटोखाली एकच शब्द: 'योलो!'

पाच मिनिटं गोकुळ गप्प. मग कोल्हापूरच्या आत्याने लिहिलं, 'अभिनंदन! मुलगा काय करतो?'

सांगलीच्या काकांनी अंदाज बांधला, 'नाव गोव्याकडचं वाटतं. आडनाव कळव, म्हापशाला आपले ओळखीचे आहेत.' मेसेज न वाचता उत्तर द्यायची सवय असलेल्या एका चुलतभावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली आणि लगेच पुसली. पण तोवर नऊ जणांनी ती वाचली होती आणि दोघांनी खाली हात जोडले होते.

अकराला वहिनीचा फोन. "भावजी, हा योलो कोण? तुमच्याशी सगळं बोलते ती. तुम्हाला ठाऊक असणार."

मला काहीच ठाऊक नव्हतं. पण वहिनीचा आवाज असा होता की मी अंथरुणात उठून बसलो. शेवटी माझ्या बहिणीच्या आठवीतल्या नातवाने उलगडा केला. 'मुलगा नाही हो आजी. योलो म्हणजे यू ओन्ली लिव्ह वन्स. आयुष्य एकदाच मिळतं, तर करून टाका.' आत्याने त्याला उत्तर दिलं, 'तेवढं मलाही कळतं रे बाळा. पण गेली कुणाबरोबर?'

ती तीन मैत्रिणींबरोबर गोकर्णाला गेली होती. सकाळी हिंजवडीला ऑफिसात जाताना तिलाही याचा पत्ता नव्हता.

मी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली एकोणीस मुदत ठेवींच्या काउंटरवर. म्हणजे योलोच्या बरोब्बर समोरच्या बाकावर. माझ्या खिडकीशी येणारा माणूस आजचे पैसे उद्यावर ढकलायला येत असे आणि मी त्याला त्याची पावती देत असे. अशा माणसाला हा शब्द कळला की झोप येणं कठीण. मी रात्रीच शोधाशोध केली.

शब्द तसा अलीकडचा. कॅनडातल्या टोरांटोचा रॅपर ड्रेक याने 2011 च्या अखेरीस 'द मॉटो' नावाचं गाणं काढलं, त्यातून ही चार अक्षरं पोराटोरांच्या तोंडी बसली. झॅक एफ्रॉन या नटाच्या तर हातावर ती गोंदलेली दिसली. 2012 साली ऑक्सफर्डच्या अमेरिकी कोशकारांनी वर्षाचा शब्द निवडताना योलोला अंतिम यादीपर्यंत आणलं, पण मान 'गिफ'ला मिळाला. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात योलोची रीतसर नोंद झाली. भावना मात्र जुनी आहे. योहान श्ट्राउस याच्या 1855 च्या एका नृत्यरचनेचं नावच मुळी 'माणूस एकदाच जगतो' अशा अर्थाचं आहे, आणि त्याच्याही आधी, 1774 साली, गटेच्या 'क्लाव्हिगो' नाटकात हा विचार येऊन गेलेला आहे. म्हणजे व्हिएन्नातली मंडळी वॉल्ट्झ नाचत योलो करत होती. आपल्याकडे त्या सुमारास मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती.

सोमवारी संध्याकाळी पुतणी घरी आली, तेव्हा हे सगळं मी तिला ऐकवलं. तिने माझ्याकडे, आपण जुना रेडिओ चालू झाला की बघतो, तशा नजरेने बघितलं. "काका, योलो आता कुणी सिरियसली म्हणत नाही रे. ते आमच्या शाळेतलं आहे. मी तुम्हा सगळ्यांना कळावं म्हणून टाकलं."

मला शब्द मिळाला तेव्हा त्याची मुदत संपली होती. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगत नाही.

पण शब्द शिळा झाला तरी वापर बघण्यासारखा आहे. योलो हे कृतीच्या आधी कमी आणि नंतर जास्त म्हणतात. आधी माणूस दुसरा पेढा तोंडात टाकतो, मग आयुष्याच्या क्षणभंगुरतेकडे वळतो. आणि खरोखर जिवावरची गोष्ट करताना कुणी योलो म्हणत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही करणारा म्हणत नाही, समुद्रात होडी लोटणारा कोळी म्हणत नाही. योलो म्हणतात ते केस निळे करताना, सोमवारची सुट्टी टाकताना, चीज जास्त घालायला सांगताना. याला अपवाद अमेरिकेतल्या हौशी शेअरवाल्यांचा. त्यांनी सगळी पुंजी एकाच शेअरवर लावण्याला योलो हे नाव दिलं. 2021 च्या जानेवारीत गेमस्टॉप नावाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांचा शेअर 20 डॉलरच्या आतून उठून महिना संपायच्या आत 300 च्या वर गेला, आणि फेब्रुवारीत 50 च्याही खाली आला. माझ्या काउंटरवर असा माणूस आला असता तर मी त्याला आधी पाणी दिलं असतं.

मराठीत या अर्थाचा शब्द नाही असं कुणी म्हणू नये. 'आली लहर, केला कहर' इतकं नेमकं दुसरं काय आहे? 'होऊन जाऊ दे' आहे, 'पुढचं पुढे' आहे, 'हौसेला मोल नाही' आहे. फरक एवढाच की लहरीबरोबर कहर आम्ही आधीच जोडून ठेवलेला आहे. इंग्रजी पोराला उडी मारल्यावर खड्डा दिसतो. आमच्या म्हणीत खड्डा आधीच खणून, बाजूला दोरी बांधून ठेवलेला असतो.

आणि 'आयुष्य एकदाच' हे वाक्य तर मी जन्मापासून ऐकत आलो. माझी आई ते दिवसातून चारदा म्हणायची. "जीव एकच आहे बाबा." त्यापुढे यायचं ते स्वेटर. किंवा कानटोपी. किंवा वर्गाची सहल मुळशीला चालली आहे तिथे तू जाणार नाहीस, हे. 'द लोनली आयलंड' या अमेरिकी विनोदी त्रिकुटाने 2013 मध्ये योलोचं विडंबन केलं. त्यांनी अक्षरं तीच ठेवली आणि अर्थ काढला तो सांभाळून राहण्याचा, दारंखिडक्या लावून घरात बसण्याचा. लोक खूप हसले म्हणे. मला ते ऐकून आईची आठवण झाली. ती हे सगळं चाल न लावता म्हणायची.

खरी पंचाईत 'एकदाच' या शब्दाची आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींचा हिशेब मानणाऱ्या घरात 'एकदाच' म्हणणं म्हणजे खातेपुस्तकात फक्त शेवटची ओळ वाचणं. आमची ही गेली छत्तीस वर्षं वडाला दोरा गुंडाळते. त्यात सात जन्मांची आगाऊ नोंदणी आहे. मी एकदा विचारलं होतं, यातला हा कितवा? ती म्हणाली, "सातवा असावा अशी आशा आहे." संतांनी तर याच हिशेबातून उलटा निकाल काढला. इतक्या योन्या हिंडून हा नरदेह मिळाला, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून वेळ दवडू नका आणि नाम घ्या. पुतणी म्हणते, म्हणून वेळ दवडू नका आणि गोकर्णाला चला. गोकर्णाला महाबळेश्वराचं देऊळ आहे, ती समुद्रावरून फिरून देवळातही जाऊन आली होती. कुणाच्या खात्यावर काय जमा झालं ते वरच्या शाखेला माहीत.

त्या एफ्रॉनच्या हाताचं मात्र मला राहून राहून हसू येतं. माझ्या आजीच्या दोन्ही दंडांवर गोंदण होतं, एकावर तुळशीवृंदावन. लहानपणी मी ते बोटाने गिरवायचो. ती सांगायची, "वर जाताना सोनंनाणं इथलीच माणसं काढून घेतात. लुगडंसुद्धा आपलं नसतं. गोंदलेलं तेवढं बरोबर येतं." आजीचा हिशेब खरा धरला, तर तो गडी पुढच्या जन्मात हातावर 'आयुष्य एकदाच' असं लिहून हजर होणार.

या विषयावर लिहिणाऱ्याला चार्वाकाकडे जावंच लागतं, तसा मीही गेलो, पण बँकवाला म्हणून गेलो. ऋण काढा आणि तूप प्या, देह एकदा जळला की परत कुठला यायला, असा त्याचा सल्ला. हे त्याचं बोलणं आपल्यापर्यंत आलं तेसुद्धा मुख्यतः त्याला खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलं प्रकरण त्याचंच आहे. लोकांच्या लक्षात तूप राहिलं. माझी अडचण ऋणाची आहे. त्याला कर्ज दिलं कुणी? तारण काय घेतलं? सोनं तारण ठेवता येतं, घर ठेवता येतं. तूप ठेवता येत नाही, ते पहिल्या हप्त्याच्या आधी संपतं. आणि ज्याचा पुनर्जन्मावर विश्वास नाही त्याला दीर्घ मुदतीचं कर्ज देताना कुठलाही शाखाधिकारी दोनदा विचार करील. बरं, जामीन राहणाराही चार्वाकच असला तर?

आता माझ्या काउंटरविषयी. ठेवीच्या बाबतीत आमच्याकडे दोन क्रियापदं चालतात. ठेव 'ठेवायची' आणि मुदतीआधी हवी असेल तर 'मोडायची'. काढायची नाही, मोडायची. मराठीत काय काय मोडतं बघा. लग्न मोडतं, संसार मोडतो, हाड मोडतं, शब्द मोडतो. त्याच रांगेत एफडी. त्यामुळे एफडी मोडायला येणारा माणूस खिडकीशी येताना इकडेतिकडे बघत येतो. आवाज खाली. "जरा मोडायची होती." मी पण तसाच खालच्या आवाजात विचारायचो, "काही विशेष?" आणि तो कारण सांगायचा, जणू मी त्याला माफ करणार आहे. दवाखाना असेल तर मी मान हलवायचो. मुलाची फी असली तरी हलवायचो. लग्न असलं की आम्ही दोघंही हसायचो, कारण लग्नाला मोडलेली ठेव मोडलेली धरत नाहीत.

हे आमचं खरं योलो. 'लग्न काय रोज होतं का?' या एका वाक्यावर मी माणसांना पंधरा-पंधरा वर्षं साठवलेलं एका दुपारी उपसताना बघितलं आहे. स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटला तर चांभाराकडे दोनदा शिवून घेणारा गृहस्थ, मुलीच्या लग्नात आईस्क्रीमचे पाच प्रकार ठेवतो. एकदाच तर आहे! मुंज एकदाच, वास्तुशांत एकदाच, साठीशांत एकदाच. समारंभाला आयुष्य एकदाच असतं. माणसाला नसतं, त्याला टीव्हीच्या रिमोटसारखं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवायचं असतं. आमच्या घरी सोफ्याला कव्हर आहे, आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर जुनी चादर आहे. सोफ्याचा मूळ रंग आता आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. मुलगा म्हणतो निळा.

त्या एकोणीस वर्षांत एकच ग्राहक अशी आली जिने खिडकीशी आवाज खाली केला नाही. नऊवारी, कपाळावर ठसठशीत बुक्का, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पावती. स्वस्तातली विमानं नुकतीच सुरू झाली होती त्या काळातली गोष्ट.

"मोडून द्या," आजी म्हणाल्या.

मी पावती बघितली. "आजी, मुदत संपायला चौदा महिने आहेत. आत्ता मोडली तर एक टक्का दंड बसेल. थांबलात तर..."

"मुदत संपेस्तोवर माझीच मुदत संपली म्हणजे?"

यावर आमच्या परिपत्रकांत उत्तर नव्हतं. मी फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, 'मोडण्याचे कारण'. मी विचारलं, काय लिहू? दवाखाना?

"विमान," आजी म्हणाल्या.

त्यांना विमानात बसायचं होतं. वारी अकरा वेळा चालत झाली होती, आता एकदा बसून कुठेतरी जायचं होतं. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नागपूरला. नागपूरला त्यांची नणंद राहत होती. तिचा जावई विमानाने फिरतो, हे ती चाळीस वर्षांतल्या प्रत्येक पत्रात लिहीत आली होती, जावई व्हायच्या आधीपासून, असं आजींचं म्हणणं. मी 'कारण' या रकान्यात 'प्रवास' लिहिलं. आजींनी ते वाचून बघितलं. "विमान लिहा की. लाजता कशाला?"

महिन्याभराने त्या परत आल्या, मुद्दाम मला सांगायला. ढग वरून खालच्यासारखेच दिसतात, म्हणाल्या, नुसता कापूस. चहाचे पैसे घेतात मेले. आणि नणंद? नणंद विमानतळावर आलीच नव्हती, तिला ताप होता. आजींच्या बोलण्यात या तापाविषयी जी शंका होती ती मी इथे मांडू शकत नाही.

आता इथे मी असं सांगायला हवं की आजी पुढच्याच महिन्यात गेल्या आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. तसं काही झालं नाही. आजी त्यानंतर नऊ वर्षं ठणठणीत होत्या. त्यांच्या राहिलेल्या ठेवींचं नूतनीकरण मीच करत गेलो. दरवर्षी पावती पुढे सरकवताना म्हणायच्या, "आहे अजून." दंडाचा एक टक्का त्यांनी उगीच भरला, हिशेबाने बघितलं तर. मी हिशेबाने बघणारा माणूस आहे, आणि तरी तो फॉर्म मला लख्ख आठवतो. बाकीच्या हजारो फॉर्मांतला एकही आठवत नाही.

पुतणीकडून आणखी एक योलो कळला. ती संगणकवाली. त्यांच्यात 2015 पासून एक तंत्र आहे, कॅमेऱ्यातल्या चित्रात माणूस कुठे, गाडी कुठे, कुत्रा कुठे हे ओळखण्याचं, त्याचंही नाव योलो. पण तिथे 'लिव्ह'च्या जागी 'लुक': यू ओन्ली लुक वन्स. आधीची तंत्रं चित्राचे तुकडे करून पुन्हा पुन्हा तपासत बसायची. हे एका नजरेत सगळं चित्र बघतं आणि निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून वेगवान. ती हे मोठ्या कौतुकाने सांगत होती.

मी म्हटलं, "यात नवीन काय आहे? आमचं लग्न असंच ठरलं."

खरंच ठरलं. 1988 च्या मे महिन्यात, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत, कांदेपोह्यांच्या बशीवरून. मी एकदा वर बघितलं. तिने एकदा बघितलं असं ती म्हणते, मला त्याबद्दल खात्री नाही. तिच्या काकांनी मला पगार विचारला, माझ्या मामांनी तिला स्वेटर विणता येतो का ते विचारलं. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली पाच पोहे निवण्यात गेली. घरी येताना वडिलांनी रिक्षात विचारलं, "काय, होऊन जाऊ दे?" मी म्हटलं, हो. बाकीचं सगळं आयुष्य त्या एका 'हो'वर उभं आहे. आणि हाच मी, हिच्याबरोबर फ्रीज घ्यायला गेलो तेव्हा तीन महिने दुकानं हिंडलो. दारं उघडून बघितली, भाज्यांचे ट्रे ओढून बघितले, वॉरंटीचे कागद घरी आणून वाचले. सावध माणूस कशात सावध असतो हे एकदा कुणीतरी बसून तपासायला पाहिजे. फ्रीज बारा वर्षांत गेला.

हे सगळं डोक्यात असताना जानेवारीत आम्ही मुंबईहून पुण्याला येत होतो. दादरला एक बारसं उरकून निघालेलो, हिच्या पिशवीत थालीपिठांचा डबा, माझ्या खिशात रक्तदाबाची गोळी. गाडी कर्जतला थांबली. पुढे बोरघाट, 37 फुटांत एक फूट असा चढ, म्हणून इथे गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लावतात. रेल्वेच्या भाषेत या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. मला हे नाव नोकरीला लागल्यापासून आवडतं. पुढे कुठे दिसायचं नाही, मागून ढकलत राहायचं.

फलाटावर वडे. वास थेट खिडकीतून. डॉक्टरांनी तळकट बंद केलेलं. मी उठलो आणि हिला म्हणालो, "योलो."

"काय लो?" ही म्हणाली.

मी उतरलो. चार वडे सांगितले. पोराने कागदात मिरच्यांसकट बांधून दिले. माझ्याकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुटे नाहीत. "स्कॅन करा ना काका." मी स्कॅन केलं. पिन घातला. फोनवर ते गोल गोल फिरत राहिलं. मागे गाडीला धक्का बसला, बँकर लागले. पोरगा म्हणाला, "जा काका, येतील पैसे." पण एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पैसे पोचल्याची खूण बघितल्याशिवाय खिडकी सोडलेली नाही. मी उभा राहिलो. हिरवी खूण आली. 'पेमेंट यशस्वी.' मी समाधानाने वळलो तेव्हा शेवटचा डबा माझ्यासमोरून चालला होता, आणि त्यामागून इंजिनं, ढकलत.

धावायचं वय नाही, आणि तसं करूही नये. फोन वाजला.

"वडे घेतलेत ना?" ही शांतपणे म्हणाली. "मग आता सावकाश खा. मागच्या गाडीने या. आणि घराची किल्ली माझ्याकडे आहे, सांगून ठेवते." माझं तिकीटही तिच्याच फोनमध्ये होतं. गोळी तेवढी माझ्याकडे.

मी बाकावर बसून वडे खाल्ले. चारही. तिसरा खाताना जरा अपराधी वाटलं, चौथ्याला नाही. समोरच्या रुळांवर वर गाडी पोचवून आलेली इंजिनं घाटातून मोकळीच खाली येत होती, मागे ना डबा ना माणूस. तास-सव्वा तास मी तिथे होतो. पुढच्या गाडीत जागा नव्हती, पुण्यापर्यंत दाराजवळ उभा राहून आलो. घरी पोचल्यावर ही फक्त एवढंच म्हणाली, "दोन माझ्यासाठी ठेवायला काय झालं होतं?"

मग ताक देताना म्हणाली, "लहरच करायची तर नीट करू या. मला एकदा बर्फ बघायचा आहे. फ्रीजमधला नाही."

मी कामाला लागलो. लहरीचं एक्सेलमध्ये कोष्टक केलं. मनाली की औली, मार्च की फेब्रुवारी, गुडघ्यांचा विचार करता किती पायऱ्या. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. लोकरीचे मोजे घ्यायचे की गोकुळात कुणाकडे मागायचे यावर एक स्वतंत्र रकाना. तीन आठवडे झाले. पुतणी येऊन कोष्टक बघून गेली. "काका, ही लहर आहे की अंदाजपत्रक?" शेवटी हिनेच एका मंगळवारी सकाळी पावती टेबलावर आणून ठेवली. पन्नास हजारांची, दहा महिने झालेली. "जा आणि मोडून या. नाहीतर बर्फ वितळेल."

मी माझ्याच जुन्या शाखेत गेलो. माझ्या काउंटरवर आता एक मुलगी बसते, पुतणीच्या वयाची. मी वाकून, खालच्या आवाजात म्हणालो, "जरा मोडायची होती." तिने संगणकातून फॉर्म छापून दिला. रकाना अजून तसाच आहे. मी 'मोडण्याचे कारण' या पुढे 'लहर' असं लिहिलं आणि सही केली.

तिने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पेनने खोडलं आणि वर 'वैयक्तिक' असं लिहिलं. दंडाचे 417 रुपये कापून बाकीची रक्कम त्याच दुपारी खात्यात जमा झाली.